बिनघोड्याची दोन खोगिरं

खुशालरावांनी घोडा घेतला तो नांदगाव पेठेला, होणाऱ्या व्याह्यांच्या बैठकीत, चिवड्याची बशी हातात असताना. घ्यायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

त्याचं असं झालं. त्यांची मुलगी प्रणाली नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात नोकरीला होती. तिथंच पियुष होता. दोघांचं जमलं आणि मुलीनं घरी येऊन सरळ सांगून टाकलं, "बाबा, पोरगा मी पाहिला. तुमी फक्त त्याचं घर पाहून या. अन् तिथं जास्त बोलू नका." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. बाळापूरजवळच्या त्या गावात खुशालरावांइतका सरळ माणूस सापडला नसता. वीस एकर काळी जमीन, दोन बैलजोड्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. समोरच्यानं एक सांगितलं की यांना सव्वा सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही. कोणी म्हणालं, आमच्या विहिरीला चाळीस फुटांवर पाणी आहे, की खुशालरावांच्या विहिरीचं पाणी वर यायला लागायचं.

पियुषचे वडील शालिकरामजी संत्र्याचे बागाईतदार. पियुष कामावर गेला होता, त्याची आई बेबीताई आत चहा करत होती आणि बैठकीत दोन्ही व्याही समोरासमोर बसले होते. अर्धा तास खुशालरावांनी तोंडावर ताबा ठेवला. मग शालिकरामजी तक्क्याला टेकले आणि म्हणाले, "तसं आमचं घर जुनं. आजोबा घोड्यावर बसून बागेत जात. तवापासून दारात घोडा हाय."

आत स्वयंपाकघरात काहीतरी भांडं पडलं.

"असनच," खुशालराव म्हणाले. "घोड्याबिगर घराले शोभा नाही. आमच्याकडं बी हाय."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, दुर्गाबाईंना, असा ठसका लागला की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"तुमच्याकडं? वा!" शालिकरामजी सरसावून बसले. "मंग साक्षगंधाले येऊ तवा पाहूच तुमचा घोडा."

"पाहा ना. तुमचा नाही दिसला कुठं?"

"चरायले गेला."

"आमचा बी या टायमाले चरतच असते," खुशालराव म्हणाले, आणि इथं तो व्यवहार पक्का झाला.

परतीच्या बसनं मूर्तिजापूर गाठलं. तेव्हा दुर्गाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "गोठ्यात बैलं चार हायेत. त्यातला घोडा कोणता?"

घरी पोचतात तोच प्रणालीचा फोन. "बाबा, तुमी घोडा सांगितला?"

"सांगितला नाही, माय. निघाला तोंडातून."

"पियुषच्या बाबांले सगळं चालते, पण खोटं चालत नाही. खोटं बोलणाऱ्याच्या घरची सोयरीक नको म्हणून त्यायनं एक पोरगी नाकारली हाय. आता मी पियुषले काय सांगू? माझं लग्न मोडलं ना बाबा, तं मी तुमच्यासंग जन्मात बोलणार नाही."

फोन ठेवून खुशालराव ओट्यावर येऊन बसले. एकुलती एक मुलगी. तिनं आयुष्यात बापाकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं, तेही गप्प राहणं, आणि तेवढंही बापाला जमलं नाही. पण साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, पंधरा दिवस होते आणि पंधरा दिवसांत माणूस घोडा उभा करू शकतो.

बाळापूरला चंदन घोडीवाला होता. लग्नसराईत त्याची राणी नावाची पांढरी घोडी अख्ख्या तालुक्यातले नवरदेव वाहायची. चंदनला अडचण नव्हती. "घेऊन जा ना काका. एक दिवस तुमचीच समजा." अडचण होती ती घोडीच्या पाठीवर. तिचं खोगीर लाल मखमलीचं, त्याला आरसे, झिरमिळ्या, आणि मागच्या बाजूला चंदेरी अक्षरांत चंदनचा मोबाईल नंबर. घरच्या घोड्याच्या पाठीवर मोबाईल नंबर नसतो, हे खुशालरावांनाही कळत होतं.

"साधं, चामड्याचं, खानदानी दिसन असं खोगीर पाहिजे," ते म्हणाले.

"मंग अकोल्याले जा. जुन्या शहरात खोगीर गल्ली हाय. तिथं नत्थुजीले भेटा," चंदन म्हणाला. "पण त्यायच्यासमोर घोड्याबद्दल सांभाळून बोला. म्हातारा पक्का हाय."

बुधवारी सकाळी खुशालराव खोगीर गल्लीत शिरले. गल्लीच्या तोंडाशीच कमावलेल्या चामड्याचा आणि तेलाचा वास नाकात भरला. एकेकाळी इथं दोन्ही बाजूंना फक्त खोगिरं आणि लगाम टांगलेले असत म्हणे. आता पहिल्या चार दुकानांत शाळेची दप्तरं, पुढच्या दोनांत स्कूटरच्या सीटची कव्हरं, एकात कुत्र्यांचे पट्टे आणि मध्ये मध्ये चपलांचे ढीग होते. गिऱ्हाइकं भावासाठी भांडत होती, कोणीतरी मोठ्यानं हसत होतं, ठोकण्याचा आवाज सगळ्या गल्लीभर चालू होता. खुशालरावांना एकदम बरं वाटलं. बाजार म्हटला की हा माणूस खुलतो.

नत्थुजींचं दुकान गल्लीच्या मधोमध. ऐंशीच्या घरातला वाळका माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, मांडीवर चामडं आणि हातात आरी. मागच्या भिंतीवर मात्र खरी खोगिरं होती. तपकिरी, तेल पाजलेली, बघताच हात लावावासा वाटेल अशी.

"खोगीर पाहिजे," खुशालराव म्हणाले. "घरच्या घोड्यासाठी."

"नाव काय?"

"खुशालराव."

"तुमचं नाही. घोड्याचं."

आठवडाभरापासून घोडा पाळून होते, पण त्याचं बारसं करायचं राहून गेलं होतं. "मोत्या," खुशालरावांच्या तोंडून गेलं.

नत्थुजींनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "मोत्या माझ्या कुत्र्याचं नाव हाय."

"आमच्याकडं घोड्याचं ठेवलं. मायेनं."

तेवढ्यात मागून आवाज आला, "नत्थुजी कोण इथं? घोड्याचं खोगीर पाहिजे होतं. साधं, पण खानदानी." खुशालरावांनी वळून पाहिलं. दुकानाच्या पायरीवर शालिकरामजी उभे होते.

दोघेही एकदम बोलले.

"तुमी इथं?"

"तुमी इथं?"

"जुनं खोगीर उसवलं," शालिकरामजी म्हणाले. "आजोबाच्या वेळचं होतं."

"आमचं बी उसवलं," खुशालराव म्हणाले. "पणजोबाच्या वेळचं."

नत्थुजींनी दोघांना बसायला पोतं टाकलं. त्यांच्या दुकानात एका दिवशी दोन घोडेवाले येऊन वीस वर्षं झाली होती. ते खुशीत आले. आरी बाजूला ठेवून त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "पहिले तुमी आले. तुमच्या मोत्याच्या पाठीचं माप सांगा."

व्याही दोन हात अंतरावर बसून लक्ष देऊन ऐकत होते. आता चाचरलं तर संपलं. खुशालरावांनी छाती भरून श्वास घेतला. "पाठ चांगली लांब हाय. वशिंडापासून शेपटीलोक चार हात."

पेन्सिल थांबली. "कुठपासून?"

"वशिंडापासून."

घोड्याला वशिंड नसतं हे बालवाडीतल्या पोरालाही माहीत असतं. खुशालरावांनाही माहीत होतं. एरवी कोणी विचारलं असतं तर त्यांनीच हसून सांगितलं असतं. पण चाळीस वर्षं बैल घेण्यात, विकण्यात आणि मिरवण्यात गेलेली. जनावराचं कौतुक करायचं म्हटलं की जीभ आपसूक वशिंडावर जाऊन बसायची. आपण काय बोललो याचा त्यांना पत्ताही नव्हता.

नत्थुजींनी शालिकरामजींकडे पाहिलं. घोडेवाला माणूस आता खो खो हसेल अशी त्यांची अपेक्षा होती. पण शालिकरामजींच्या घरीही पिढ्यान्‌पिढ्या बैलच होते, आणि त्यांच्या डोक्यात एवढंच शिरलं होतं की व्याही पुढे चालला.

"चारच हात?" शालिकरामजी म्हणाले. "अन् वशिंड केवढं हाय?"

"एवढं," खुशालरावांनी दोन्ही हातांनी दाखवलं.

"बस? आमच्याचं एवढं हाय." त्यांनी हात आणखी फाकवले. "मांगं बसणाऱ्याले पुढचा रस्ता दिसत नाही."

"आमच्याचं चालताना डुलते."

"आमच्याचं उभ्या उभ्या डुलते."

नत्थुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. साठ वर्षांच्या धंद्यात त्यांनी नवाबी थाटाचे घोडे पाहिले होते, सर्कशीतले पाहिले होते, एकदा एक आंधळा घोडाही पाहिला होता. त्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही.

"म्हणजे दोन्ही घोडे वशिंडाचे," ते शांतपणे म्हणाले.

"दोन्ही," खुशालराव म्हणाले.

"खानदानी," शालिकरामजींनी भर घातली.

"मंग भिंतीवरचं जसंच्या तसं बसणार नाही. वशिंडाच्या हिशेबानं बेतून पाहा लागीन. जनावर आणलं?"

दोघांनी माना हलवल्या.

"माझ्याजवळ लाकडाचा घोडा होता मापाले. त्याले वाळवी लागली. आता गिऱ्हाइकाच्या पाठीवरच अंदाज घेतो. खरा घोडेवाला असला तं लाजत नाही, लगेच ओणवा होते." नत्थुजी एवढं बोलून थांबले. मग त्यांनी बोट वर केलं. "एक कायदा हाय मातर या दुकानाचा. जे खोगीर पाठीवर चढलं ते मी परत खुंटीले लावत नाही. ते त्या पाठीचं झालं."

कायद्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. 'लाजत नाही' एवढंच दोघांनी ऐकलं होतं. खुशालरावांनी टोपी काढून पोत्यावर ठेवली आणि दुकानापुढच्या फरशीवर, भर गल्लीत, दोन हात आणि दोन गुडघे टेकून ओणवे झाले. शालिकरामजी मागे राहतात की काय? त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि बाजूला जागा धरली.

नत्थुजींनी आतून दोन उशा आणल्या, भुशाच्या, चामड्यानं मढवलेल्या. एकेकाच्या मानेमागं एकेक उशी ठेवून सुतळीनं काखेतून बांधली. "हे वशिंड," ते म्हणाले. त्यावर मागच्या बाजूनं खोगीर चढवलं आणि पोटाखालून तंगाचा पट्टा आवळला.

"जास्त आवळलं," शालिकरामजी कण्हले.

"घोडा बोलत नसते," नत्थुजी म्हणाले.

गल्लीतलं ठोकणं थांबलं. दप्तरवाले, सीटकव्हरवाले, चपला घ्यायला आलेल्या बाया, सगळे भोवती गोळा झाले. कोणीतरी विचारलं, "नत्थुजी, काय चालू हाय?" नत्थुजी म्हणाले, "माप." कोणीतरी मोबाईल काढला. खुशालरावांच्या गुडघ्यांना खडे टोचत होते, पण बाजूच्याचा श्वास आपल्याहून जास्त फुलला आहे हे पाहून त्यांना आतून समाधान वाटत होतं. "थोडं चालून दाखवा," नत्थुजी म्हणाले. "पाठ हलते कशी ते कळलं पाहिजे." दोघे चालले. खुशालराव अर्ध्या हातानं पुढे होते.

त्याच वेळी गर्दीतून दोन आवाज एकदम आले, "बाबा!"

दोन्ही घोड्यांनी एकदम मान वर केली. समोर प्रणाली आणि पियुष उभे होते. शालिकरामजींना गाडीतून अकोल्याला आणलं होतं ते पियुषनंच. "बियाणं पाहून येतो" म्हणून बाप उतरला, आणि पोरगा आधीच अकोल्याला बोलावून ठेवलेल्या प्रणालीला भेटला. साक्षगंधाला घालायला चामड्याच्या चपला घ्याव्यात म्हणून दोघं या गल्लीत आले आणि गर्दी दिसली म्हणून डोकावले.

"बाबा, काय करून राहिले तुमी?" प्रणालीचा आवाज रडवेला झाला होता.

खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलं. सव्वा सांगायला या वेळी त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. आपल्या बढाईपायी पोरगी भर बाजारात अशी उभी आहे, हे पाहून त्यांचा जीव तुटला. उठावं तर तंग आवळलेला. ते तसेच, चारही पायांवर, व्याह्यांकडे वळले.

"शालिकरामजी, ऐका. माझ्याजवळ घोडा नाही. कधीच नव्हता. चार बैलं हायेत. खोटं मी बोललो, पोरीनं नाही. तिचा यात काई दोष नाही. तुमाले जे म्हणायचं ते मले म्हणा, पण सोयरीक मोडू नका."

शालिकरामजींनी खाली मान घातली. त्यांची उशी सरकून कानावर आली होती. ते फरशीकडे पाहत म्हणाले, "माझ्याजवळ बी नाही."

"काय?"

"घोडा. आजोबाजवळ बी नव्हता. ते पायीच जात बागेत."

"हे मले वशिंडापासूनच माहीत हाय," नत्थुजी म्हणाले.

"वशिंडाचं काय?" दोघांनी एकदम विचारलं. मग दोघांच्याही चेहऱ्यावर हळूहळू काय उजाडलं ते खोगीर गल्लीनं डोळ्यांनी पाहिलं. पहिलं हसू प्रणालीला फुटलं. ती हसता हसता खाली बसली. मग चपला घ्यायला आलेल्या बाया, मग सीटकव्हरवाले, मग नत्थुजी, आणि शेवटी खोगिरांसकट दोन्ही व्याही. ओणव्यानं हसणं फार अवघड असतं. पियुषला दोघांच्याही पोटाचे पट्टे सोडावे लागले.

"बाबा," पियुष म्हणाला, "खोटं बोलणाऱ्याच्या घरची सोयरीक नको म्हणता ना तुमी? मंग आता आपल्या घरी पोरगी कोण देईन?"

"मी देतो ना," खुशालराव घाईघाईनं म्हणाले. "खुशीनं देतो."

शालिकरामजींनी त्यांना फरशीवर बसल्या बसल्याच मिठी मारली. साक्षगंध पक्कं झालं. फक्त उठून निघताना नत्थुजींनी आपला कायदा पुन्हा एकदा, सावकाश, म्हणून दाखवला. त्यामुळे घोडा नसलेल्या दोन घरी दोन खोगिरं गेली.

"आता असं करू," जाताना शालिकरामजी खुशालरावांच्या कानाशी लागले. "माझ्या नातेवाइकायले मी तुमचा घोडा सांगून बसलो हाय. भाड्याची घोडी आणा. खोगीर आपलं हाय, ते तं खोटं नाही."

साक्षगंधाच्या दिवशी खुशालरावांच्या अंगणात मांडव पडला. चंदन सकाळीच राणीला घेऊन आला. नव्या खोगिराकडे त्यानं जरा साशंक नजरेनं पाहिलं. त्याच्या मखमलीच्या खोगिराला खटकन लागणारी कडी होती आणि इथं नुसता लांब पट्टा. पण त्यानं बांधलं काहीतरी. अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटून झाले, आणि अमरावतीकडचे पाहुणे म्हणू लागले, "जावई बसू द्या घोडीवर!"

पियुष रिकिबीत पाय घालून चढला. घोडी दोन पावलं चालली. तिसऱ्या पावलाला खोगीर हळूच एका बाजूला कलंडलं आणि घोडीच्या पोटाखाली जाऊन थांबलं. पियुष तुरीच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर पडला. त्याला काही लागलं नाही, पण पोटाखाली लोंबणारं खोगीर पाहून राणी बिथरली. तिनं मांडवाला एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या उडाल्या, तिसरीत पेढ्यांचं टेबल गेलं. चंदन तिच्या मागं धावत होता. दोन्ही व्याही एकमेकांना ढकलत ओट्यावर चढले होते. "तुमची घरची घोडी हाय ना खुशालराव? आवाज द्या तिले!" पाहुण्यांपैकी कोणीतरी ओरडलं. खुशालराव कोणत्या तोंडानं आवाज देणार?

तेव्हा स्वयंपाकघरातून दुर्गाबाई बाहेर आल्या. भज्यांच्या पिठानं हात बरबटलेले. त्या धावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. घोडी येत होती त्या वाटेवर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "होऽ माय. होऽ. थांब व."

घोडी थांबली. दुर्गाबाईंनी लगाम धरला, तिच्या कपाळावर पिठाचा हात ठेवला आणि ती शांत होईपर्यंत तसाच राहू दिला. मग खोगीर पोटाखालून सोडवून पाठीवर नीट चढवलं, तंग ओढला आणि थांबल्या. "बांधताना पोट फुगवून धरते ही लबाड," त्या चंदनला म्हणाल्या. "तिले दम सोडू द्या लागते. मंग आवळा लागते." घोडीनं दम सोडला. त्यांनी पट्टा दोन बोटं आणखी वर घेतला.

मग त्यांनी पदर कमरेला खोचला, रिकिबीत पाय ठेवला आणि पाहुण्यांना काय चाललंय ते कळायच्या आत घोडीवर होत्या. अंगणातून बाहेर, मारुतीच्या देवळापर्यंत, आणि परत. पाठ ताठ, लगाम एका हातात. येताना घोडी चक्क दुडक्या चालीनं आली. दुर्गाबाई उतरल्या. "पाहा. आता बसलं बरोबर. बसा जावाईबापू," म्हणाल्या आणि भजी करपतील म्हणून आत निघून गेल्या.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. बेबीताई नवऱ्याला म्हणाल्या, "पाहिलं? हे खरं." शालिकरामजी खुशालरावांच्या दंडाला धरून हलवत होते. "तुमी तं म्हणाले घोडा नाही म्हणून! लपवता कावून हो आमच्यापासून?" खुशालराव तोंड उघडं टाकून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिले.

पाहुणे जेवून निवांत झाले तेव्हा ते मागच्या दारानं आत शिरले. दुर्गाबाई कढई उतरवत होत्या.

"तू घोडीवर कवा शिकली?"

"माहेरी. पातूरले. बाबाजवळ घोडी होती ना. मी तिच्यावरच वावरात जात होती."

"घोडी होती? मी पाहायले आलो तवा तं नव्हती."

"होती. बाबानं सकाळीच शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधली." दुर्गाबाईंनी झारा ठेवला. "म्हणे, घोडीवर बसणारी पोरगी हाय असं कळलं तं पाव्हणे पोहे खाऊन उठून जातीन. ती मधात खिंकाळली, तवा तुमी विचारलं बी, कोणाची घोडी? बाबा म्हणाले, कोणाची असन बापा, मले काय माहीत."

खुशालरावांना ते पोहे आठवले. सासऱ्यांचा मोठा केलेला आवाजही आठवला. आपण घोडा दाखवायला पंधरा दिवस धावाधाव केली, आणि आपल्यासाठी तीस वर्षांपूर्वी कोणीतरी घोडी लपवली होती.

"मंग तिचं काय झालं?"

"इकली. माझ्या लग्नात." त्या हसल्या. हसण्यात थोडं पाणी होतं. "तुमचा सूट शिवला ना त्याच्यात. त्या निळ्या सुटात घोडीच होती समजा."

खुशालराव लगबगीनं पुढच्या अंगणात आले. चंदन लाल मखमलीचं खोगीर टेम्पोत टाकून निघायच्या बेतात होता. घोडीची दोरी त्याच्या हातात होती.

"घोडी आजच्या दिवस राहू दे," खुशालराव म्हणाले.

"साक्षगंध तं झालं काका. जावाई बसून घेतले. आता तिच्यावर कोण बसणार हाय?"

"आमच्या घरी हाय बसणारं माणूस," खुशालराव म्हणाले, आणि त्याच्या हातातून दोरी घेतली.